फुकट कोर्स आणि ७५ गुणांची परीक्षा

चि. स.न.वि.वि. नव्हे, अनेक आशीर्वाद.

'स्ट्रेंथ ऑफ मटेरियल्स'चा, म्हणजे भार पडल्यावर साहित्य किती टिकतं या विषयाचा, एनपीटीईएल या आयआयटींच्या ऑनलाइन उपक्रमातला १२ आठवड्यांचा कोर्स घेऊ का, असं विचारलं आहेस. घे. पण एकच घे आणि परीक्षेला बसायचं ठरवूनच घे. हे कोर्स 'स्वयम्' या सरकारी पोर्टलवर चालतात. तिथं नाव नोंदवायला पैसे पडत नाहीत, फी फक्त परीक्षेला लागते. म्हणूनच मुलं चार-चार कोर्सला नावं घालतात आणि तिसऱ्या आठवड्यात सगळेच सुटतात. आठवड्याला साधारण अडीच तासांचे व्हिडिओ असतात. तेवढाच वेळ गणितांना लागतो. हे पाच तास वेळापत्रकात आधी बसव, मगच नाव घाल.

फायदा खरा आहे. कॉलेजात ज्या विषयाला धड शिक्षक मिळत नाही, तो आयआयटीच्या प्राध्यापकांकडून शिकता येतो. अडलं तिथं दहादा मागे जाता येतं.

पण याच सोयीत एक धोका आहे. बघितलं की समजलं असं वाटतं. दोन्ही टोकांना टेकू असलेली ४ मीटरची तुळई आणि मधोमध १० किलोन्यूटन भार, हे गणित सर फळ्यावर सोडवतात. प्रत्येक टेकूवर ५, गुणिले २ मीटर, म्हणजे कमाल नमन आघूर्ण (बेंडिंग मोमेंट, तुळईला वाकवणारा परिणाम) १० किलोन्यूटन-मीटर. आपण मान डोलावतो आणि सूत्र पाठ करतो. भार डाव्या टेकूपासून १ मीटरवर सरकवला की तेच सूत्र लावून पुन्हा १० लिहितो. खरं उत्तर ७.५ आहे, कारण डावा टेकू आता ७.५ आणि उजवा २.५ पेलतो. म्हणून गणित फळ्यावर आलं की व्हिडिओ थांबव, वहीत आकृती काढ, स्वतः सोडव आणि मगच पुढं बघ. अर्ध्या तासाच्या व्याख्यानाला एक तास लागेल, लागू दे.

गुणांचा हिशेबही नीट समजून घे. १२ पैकी उत्तम ८ असाइनमेंटचे २५ गुण आणि केंद्रावर जाऊन द्यायच्या परीक्षेचे ७५. असाइनमेंटमध्ये किमान १० आणि परीक्षेत किमान ३०, दोन्ही वेगवेगळे मिळवावे लागतात. टेलिग्रामवर फिरणारी उत्तरं टाकून कुणी २४ मिळवतो, परीक्षेत २८ वर अडकतो. बेरीज ५२, प्रमाणपत्र नाही. हे पाहून फार वाईट वाटतं, कारण त्या मुलाचे तीन महिने गेलेले असतात.

श्रेयांकांचं (क्रेडिट्सचं) आधी विचार. एका सेमिस्टरचे ४० टक्क्यांपर्यंत श्रेयांक 'स्वयम्'वरून घ्यायला यूजीसीची मुभा आहे, पण हाच कोर्स कुठल्या विषयाच्या जागी धरणार, हे तुझं कॉलेज ठरवतं. ते विभागप्रमुखांकडून नोंदणीआधी लेखी घे. निकालानंतर गेलीस तर कुणी ऐकणार नाही.

प्रॅक्टिकल मात्र बुडवू नकोस. ताण दिल्यावर सळई मधेच बारीक होऊन तुटते हे व्हिडिओत दिसतं, पण नमुना यंत्राच्या जबड्यात सरळ धरायचा कसा, हे हातानंच कळतं.

नोंदणीला कॉलेजचा ईमेल देऊ नकोस, तो पुढं बंद होतो. स्वतःचा दे. नाव ओळखपत्रावर आहे तसंच लिही, प्रमाणपत्रावर तेच छापून येतं. आणि पहिल्या आठवड्याची वही रविवारी घेऊन ये, आकृत्या बघू.