जिमची वर्षाची फी भरण्याआधी

जिमची वर्षाची फी एकदम भरू नकोस. स्वस्त पडते, खरंय. पण ट्रेडमिलवर भिंतीकडे बघत धावायचा कंटाळा येतो, असं तूच म्हणालास ना? मग दांड्या ठरलेल्याच. पैसे भरले म्हणून माणूस चार दिवस उठेल. पाचव्या दिवशी उठायला मजाच यावी लागते.

त्यापेक्षा सकाळी आपल्या नाशिकच्या कृषीनगर जॉगिंग ट्रॅकवर ये, रविवारी पांडवलेणीचा डोंगर चढ. चढताना सोबतच्याशी अख्खं वाक्य बोलता आलं पाहिजे. दोन शब्दांत धाप लागली तर वेग कमी कर, लाजू नकोस. नवख्याने पहिल्याच आठवड्यात जीव काढला की व्यायामाचं नावही नकोसं होतं. शेवटची पाच मिनिटं मुद्दाम सावकाश चाल; शेवट बरा गेला की दुसऱ्या दिवशी बूट घालायला जड जात नाही. (नंतरची मिसळ रविवारपुरतीच हं!)

जागतिक आरोग्य संघटना आठवड्याला किमान 150 मिनिटं मध्यम व्यायाम सांगते. त्यात सायकल, बॅडमिंटन, नाच सगळं धरतात. महिनाभर एकेक करून बघ आणि ज्याची वाट बघशील ते ठेव. फी त्यानंतर, तीही आधी महिन्याचीच.