उडीद भिजला, वाफसा येईना, सीताफळ पिकेना : तुमचे प्रश्न

प्रश्न : ताई, वैरागजवळ आमचं अडीच एकर रान आहे, त्यात सव्वा एकर उडीद. निम्मा उपटून बांधाला ढीग घातलाय आणि काल रात्रीपासून पाऊस लागून राहिलाय. उरलेल्याच्या शेंगा काळ्या पडल्यात. आमचे मालक म्हणतात ढीग ताडपत्रीनं झाकून ठेवू, सासूबाई म्हणतात अजिबात झाकू नका. काय करू?

उत्तर : दोघांचंही अर्धं अर्धं बरोबर आहे बघा. सर येईल तेव्हा झाकायचंच, पण सर थांबली की लगेच ताडपत्री काढायची, ऊन पडायची वाट बघायची नाही, कारण ओला उडीद ढिगात राहिला की आतून तापतो. माझ्याकडं तीन वर्षांपूर्वी हेच झालं. संध्याकाळी झाकला, रात्री पाऊस थांबला तरी कोण उठतंय म्हणून तसाच ठेवला, आणि सकाळी ताडपत्री उचलली तर तोंडावर वाफ आली, हात घातला तर ढीग कोमट, आंबूस वास, शेंग फोडली तर काळ्या दाण्याला पांढरा मोड. नुसतं निवडण्यात दोन दिवस गेले आणि अडतीवर डागी माल म्हणून भाव पडला तो पडलाच.

म्हणून आता ढीग मोडा. झाडं पातळ पसरा, पत्र्याखाली, पडवीत, गोठ्याच्या कडेला, जिथं वारं लागतं तिथं, आणि दिवसातून तीन-चार वेळा उलथा. जागा कमी असेल तर झाडं बाहेरच राहू द्या आणि फक्त शेंगा तोडून घरात आणा, पाणी जास्त पाल्यात आणि काडीत असतं, शेंगा पंख्याखालीसुद्धा सुकतात. वेळखाऊ काम आहे, चार बायका लागतात, पण माल वाचतो.

उभ्या उडदाची घाईनं उपटणी करू नका. उभं झाड वाऱ्यानं लवकर सुकतं, ढीग सुकत नाही. उघडीप मिळाली की काळ्या झालेल्या, म्हणजे पिकलेल्या शेंगा हातानं तोडून घ्या, हिरव्या राहू द्या. आणि शेवटी झाडं काढाल तेव्हा उपटण्यापेक्षा विळ्यानं कापा, मुळं आणि त्यावरच्या गाठी रानातच राहतात, मागून ज्वारी घेणार असाल तर तिला त्याचा फायदा होतो.

अजून एक, भिजलेला आणि कोरडा माल एकाच पोत्यात घालायचा नाही, थोड्या ओल्या मालानं सगळं पोतं खराब होतं आणि भावही त्या ओल्याचाच लागतो. सरकारी खरेदीला ओलावा 12 टक्क्यांच्या आत लागतो. घरी ओलावा मोजायचं मशीन नसतं, तर सासूबाईंना दाणा चावून बघायला सांगा, वाळलेला दाणा कट् करून तुटतो, ओला असला तर दाताखाली नुसता चेपतो. आमच्याकडं अजून असंच बघतात. बुरशी आलेला माल मात्र वेगळा काढून टाकून द्या, जनावरांनाही घालू नका.

प्रश्न : मंगळवेढ्याचं काळं रान आहे, उत्तरा नक्षत्र गेलं, हस्त लागला तरी वाफसा, म्हणजे पेरणीजोगी ओल, नाही. शेजाऱ्यांनी चिखलातच ज्वारी पेरली. आम्हीपण उरकून टाकावी का?

उत्तर : नका दादा. चिखलात पेरलं की बी कुजतं, वरून ऊन पडलं की माती आवळते आणि उगवण तुटक होते. रब्बी ज्वारीचा काळ साधारण 15 सप्टेंबर ते 15 ऑक्टोबर, म्हणजे अजून दिवस आहेत. फार लवकर पेरली तर खोडमाशी जास्त, फार उशीर झाला तर कणसं भरायच्या वेळी ओल कमी पडते. पण तुमचं रान खोल, ते ओल धरतं, म्हणून तर मंगळवेढ्याच्या ज्वारीला 2016 साली भौगोलिक मानांकन मिळालं. चार दिवसांनी तुमचं काही बिघडत नाही, मुरमाड रान असतं तर मी वेगळं सांगितलं असतं. वीतभर खालची माती मुठीत दाबून गोळा करा, कमरेइतक्या उंचीवरून टाका, फुटला तर पेरायला पाभर काढा. तोवर बी तयार ठेवा, एकरी 4 किलो पुरतं, आणि काणी रोग येऊ नये म्हणून किलोला 4 ग्रॅम गंधक चोळायला विसरू नका.

प्रश्न : सोलापुरातच राहते. बाजारातून दोनदा सीताफळं आणली, आठवडा झाला तरी पिकली नाहीत, दगडासारखी राहून काळी पडली. माझं काही चुकतंय का?

उत्तर : तुमचं नाही चुकत, ती फळं कोवळीच तोडलेली होती. भाव बरा असतो म्हणून हंगामाच्या सुरुवातीला असं होतं, आणि मला याचं खरंच वाईट वाटतं, कारण असं एक फळ मिळालं की गिऱ्हाईक पुढं महिनाभर सीताफळाकडं बघत नाही. घेताना डोळे बघा. डोळ्यांमधल्या खाचा रुंद होऊन पिवळसर-पांढरट दिसल्या तर फळ तयार आहे, ते घरात दोन-चार दिवसांत पिकतं. डोळे घट्ट चिकटलेले आणि सगळं फळ हिरवंगार असेल तर स्वस्त मिळालं तरी घेऊ नका. कच्चं फळ फ्रिजमध्ये तर ठेवूच नका, थंडीनं साल काळी पडते आणि आत गर होत नाही.

बाळानगर जातीचं सीताफळ आत्ता मिळतंय, बार्शीकडची एनएमके-1 गोल्डन ही जात त्याच्यामागून येते, फळ मोठं, बिया कमी, आणि टिकतंही जास्त. पाहुण्यांसाठी घ्यायचं असेल तर त्याच्यासाठी थांबा.