नोकरी सांभाळून नथी-बांगड्यांचा व्यवसाय जमतो का?

दिवसभर ऑफिस करून हातच्या नथी आणि खणाचे दागिने विकता येतील का, असं तुम्ही विचारलंय. येतील. पुण्यात एका कंपनीत हिशेबाचं काम करत मी सहा वर्षं हेच करतेय. तुम्हाला काळजी भांडवलाची वाटतेय, पण मोती, तार, खण, चिकटवायचं सामान यांना सुरुवातीला चार-पाच हजार पुरतात. कमी पडतात ते रात्रीचे दोन तास.

दुसऱ्या वर्षी गौरींच्या आधी मी आलेली प्रत्येक ऑर्डर घेतली. साठच्या वर नथी झाल्या. रात्री दोन-दोनपर्यंत जागून तार वळवली, तरी अकरा जणींच्या नथी गौरींचं विसर्जन झाल्यावर पोचल्या. त्यातल्या एकीची ती लग्नानंतरची पहिली गौर होती. पैसे परत केले, पण त्या मुलीचा आवाज मला अजून आठवतो. तेव्हापासून आठवड्याला बाराच नथी घेते आणि गौरींच्या पंधरा दिवस आधी ऑर्डर बंद करते. आषाढात लग्नकार्यं फारशी नसतात, मागणी थंडावते. चापाच्या नथी मी तेव्हाच करून ठेवते, म्हणजे श्रावणात मंगळागौरीला धावपळ होत नाही.

किंमत लावताना तुमचे तास धरा. मी नथ 250 रुपयांना द्यायचे. साहित्य 85, डबी-पिशवी 20, म्हणजे 145 सुटले असं वाटायचं. नथ ओवायला सव्वा तास, शिवाय रविवार पेठेत बोहरी आळीच्या फेऱ्या, फोटो, मेसेज, कुरिअर. सगळं धरून नथीमागे दोन तास, म्हणजे तासाला जेमतेम सत्तर रुपये. आता तीच नथ 420ला देते. काही जणी गेल्या, पण ज्या राहिल्या त्या बहिणी-नणंदांना घेऊन आल्या.

खणाच्या बांगड्या करणार असाल तर माप नीट समजून घ्या. 2.4 म्हणजे दशांश नव्हे; दोन इंच आणि चार सोळांश, म्हणजे आतला व्यास सव्वादोन इंच. 2.8 म्हणजे अडीच. मापाचा घोळ झाला की बांगडी परत येते आणि खण वाया जातो. मी गिऱ्हाइकाकडून तिची रोजची बांगडी पट्टीवर ठेवून काढलेला फोटोच मागवते.

कागदपत्रांचं थोडक्यात सांगते. नेमणुकीच्या करारात दुसऱ्या व्यवसायाला मनाई आहे का ते आधी वाचा. राज्य सरकारी नोकरी असेल तर 1979च्या वर्तणूक नियमांप्रमाणे परवानगी लागते. उद्यम नोंदणी, म्हणजे लहान व्यवसायांची सरकारी नोंदणी, सरकारी संकेतस्थळावर फुकट होते, त्यासाठी कुणाला पैसे देऊ नका. पगारासोबत व्यवसायाचं उत्पन्न आलं की आयटीआर-1 हा आयकर विवरणपत्राचा साधा फॉर्म चालत नाही. आणि बाहेरच्या राज्यात माल पाठवण्याआधी जीएसटीचं सीएला विचारा, त्यासाठीचे नियम वेगळे आहेत.

जाहिरात, लोगो सगळं नंतर. या महिन्यात एकाच नमुन्याच्या दहा नथी करा, ऑफिसातून आल्यावर, दमलेल्या हातांनी. प्रत्येकीला लागलेली मिनिटं वहीत लिहा. दहाव्या नथीला किती वेळ लागला ते मला कळवा, मग किंमत आणि आठवड्याचा आकडा आपण मिळून ठरवू.