पगार वाढला, घर झालं, तरी समाधान टिकत नाही. मग सुख असतं तरी कशात?

मन नव्या गोष्टीला फार लवकर सरावतं, म्हणून ते टिकत नाही. १९७८ साली अमेरिकेत लॉटरी लागलेल्या २२ जणांवरचा अभ्यास प्रसिद्ध झाला. ते इतरांपेक्षा फारसे सुखी नव्हते. उलट मित्राशी गप्पा, सकाळचा नाश्ता यांतली त्यांची गोडी कमी झाली होती. मला हे दुसरं जास्त महत्त्वाचं वाटतं.

ठाण्यात घोडबंदर रोडला घर घेतलं तेव्हा माझंही तसंच झालं. येऊरचा डोंगर दिसतो म्हणून घेतलेलं, पण सहा महिन्यांत खिडकीकडे लक्षही जाईना. हप्त्यांची चिंता असली की झोप लागत नाही, तेव्हा पैसा लागतोच. पण हार्वर्ड विद्यापीठाचा माणसांच्या आयुष्यावरचा १९३८ पासून चाललेला अभ्यास सांगतो की सुख जवळच्या नात्यांत असतं, आणि ते मला पटलंय.

दर रविवारी सकाळी आईला तलावपाळीला नेतो. कौपिनेश्वराचं दर्शन, मग चहा. ती माहेरच्या गोष्टी सांगते. निम्म्या आधी ऐकलेल्या असतात, तरी पुन्हा ऐकाव्याशा वाटतात. हल्ली तिचे गुडघे दुखतात, त्यामुळे तळ्याला अर्धीच फेरी होते. उरलेला वेळ आम्ही काठावर बसून बोटी बघतो.