फिलिपिनो बायकोला जपानीतले 'वा, गा, ओ' कसे समजावू?

प्रश्न असा आहे: नवरा मराठी, बायको फिलिपिनो, दोघं नागोयात एकाच जपानीच्या वर्गाला जातात. त्याची वाक्यं पटकन जुळतात, ती मात्र प्रत्ययांत अडकते.

पहिली गोष्ट म्हणजे, तुमची वाक्यं पटकन जुळतात यात तुमची हुशारी थोडी आणि मराठीची पुण्याई जास्त आहे, हे वहिनींना सांगून टाका. घरात शांतता राहील. 'मुलाने आंबा खाल्ला' आणि 'कोदोमो गा मांगो ओ ताबेमाशिता' शेजारी ठेवून बघा. कर्ता, कर्म, शेवटी क्रियापद. प्रत्यय नामाला मागून चिकटलेला. आपल्याला नुसते शब्द बदलायचे असतात.

वहिनींच्या भाषेत, फिलिपिन्समधल्या तागालोगमध्ये, हेच 'कुमाइन आंग बाता नांग मांग्गा' असं होतं. आधी खाणं, मग मूल, मग आंबा. 'आंग', 'नांग', 'सा' ही चिन्हं तिथे नामाच्या आधी येतात. म्हणजे विभक्ती ही कल्पना वहिनींना नवी नाही, फक्त जागा उलटी आहे. तेव्हा इंग्रजीतून समजवायला जाऊ नका. तिथे अशी चिन्हंच नाहीत आणि दोघंही गोंधळाल.

मी इथे रविवारी कोमिनकानमध्ये, म्हणजे वस्तीच्या सभागृहात, केअरगिव्हरचं काम करणाऱ्या फिलिपिनो बायकांना शिकवायला बसतो. तिथे कागदाचे तुकडे करून घेतो. त्यांना क्रियापदच आधी सुचतं, सुचू दे. पण तो तुकडा टेबलाच्या अगदी उजव्या टोकाला ठेवायचा आणि बाकीचे त्याच्या डावीकडे भरत यायचं. प्रत्ययाचा तुकडा मोकळा ठेवायचा नाही, नामाच्या उजव्या कडेला चिकटवूनच टाकायचा. एन-५ या जपानीच्या सर्वांत सोप्या पातळीच्या परीक्षेत चार तुकडे लावून चांदणीच्या जागी कोणता येतो ते विचारतात, त्याचीही तयारी यातच होते.

खरी गोची पुढे आहे. एका वर्गात कोणीतरी 'आंग म्हणजे गा, नांग म्हणजे ओ' असं शिकवलं होतं. वरच्या वाक्याला ते चालतं. पण तागालोगमध्ये 'किनाइन नांग बाता आंग मांग्गा' असंही म्हणतात, अर्थ तोच, मुलाने तो आंबा खाल्ला. आता तो नियम लावा: 'मांगो गा कोदोमो ओ ताबेमाशिता'. आंब्याने मुलाला खाल्लं! वर्गात हसून पुरेवाट झाली, पण चूक असं वाक्य करणाऱ्या बाईंची नव्हती. तागालोगमध्ये क्रियापदाचं रूपच ठरवतं की 'आंग' कोणाला मिळणार: 'कुमाइन' असेल तर खाणाऱ्याला, 'किनाइन' असेल तर खाल्लेल्या वस्तूला. जपानी 'ताबेमाशिता'ला याचं काही देणंघेणं नाही, त्यामुळे सगळा भार प्रत्ययावर येतो. म्हणून 'आंग कुठे आहे?' असं विचारू नका. 'खाल्लं कोणी?' त्याला गा, 'काय खाल्लं?' त्याला ओ. (तुम्हाला हे विचित्र वाटत असेल तर 'मुलाने आंबा खाल्ला, चिंच खाल्ली' आठवा. आपलंही क्रियापद तिथे मुलाला सोडून फळाच्या मागे जातं.)

'वा' ज्याच्याविषयी बोलायचं त्याला लागतो. 'वा' आणि 'गा' यांतला फरक मात्र वहिनींना तागालोगमधूनच दाखवता येईल. (माणसाच्या नावाआधी 'आंग'ऐवजी 'सी' येतो.) 'कुमाइन सी मारिया', मारिया जेवली, इथे साधारण 'मारिया वा'. 'सी मारिया आंग कुमाइन', मारियानेच खाल्लं, इथे 'मारिया गा'. आपला 'च' जिथे येतो तिथे बहुधा 'गा' बसतो. बहुधाच हं, सगळीकडे नाही.

'नी' आणि 'दे' मध्ये तुम्हीही सांभाळा. आपण 'नागोयात राहतो' आणि 'नागोयात काम करतो' दोन्हीकडे 'त' लावतो. जपानीत राहण्याला 'नागोया नी', काम करण्याला 'नागोया दे'. मी हे बरेच महिने चुकत होतो. तागालोगमध्येही दोन्हीकडे 'सा' आहे, पण नुसतं 'मी घरी आहे' म्हणायला 'नासा बाहाइ आको' असा वेगळा शब्द आहे. तो 'नासा' आला की 'नी', एवढा धागा त्यांना मिळतो. उलट तागालोगच्या 'बाहाइ नी मारिया' मधला 'नी' फसवा. ते मारियाचं घर, जपानीत 'मारिया नो उची', आणि क्रमही आपल्यासारखा.

सर्वांत सोपा 'का'. 'जेवलीस का?', 'ताबेमाशिता का?' तुम्हाला फुकटात मिळाला. वहिनींच्या भाषेत ते काम 'बा' करतो: 'कुमाइन का ना बा?' त्यात ऐकू येतो तो 'का' म्हणजे 'तू'.