ऑनलाइन बँकिंगची धडकी भरते त्या वर्तकनगरच्या ताईंना

ताई, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. यजमान गेल्यावर बँकेचे सगळे व्यवहार तुमच्यावर आले. मुलाने पुण्याहून दोन दिवस येऊन लॅपटॉपवर नेट बँकिंग आणि फोनवर यूपीआय चालू करून दिलं. आता लॅपटॉप उघडला की छातीत धडधडतं, एक बटण चुकीचं दाबलं तर सगळे पैसे जातील असं वाटतं. शाखेत जायचं तर रिक्षा, रांग, आणि गुडघे साथ देत नाहीत. तेव्हा हे वापरावं की पासबुकच बरं, असं तुम्ही विचारलंय.

वापरा. पण मुलाने लावून दिलंय तसंच्या तसं नको, थोडे बदल करून.

मी बँकेत ३१ वर्षं काढली, त्यातली बरीचशी वाशीला काउंटरवर. आता नेरूळच्या विरंगुळा केंद्रात दर बुधवारी सकाळी फोनच्या आणि बँकेच्या अडचणी घेऊन मंडळी येतात, त्यांच्याजवळ बसते. चुकीचं बटण दाबलं आणि खातं रिकामं झालं, असा एकही माणूस माझ्या पाहण्यात नाही. पैसे पाठवायचे तर समोरचं खातं जोडावं लागतं, रक्कम घालावी लागते, मग पासवर्ड, मग ओटीपी. इतक्या पायऱ्या चुकून चढल्या जात नाहीत. ज्यांचे पैसे गेले, त्यांच्याकडून कोणीतरी त्या पायऱ्या एकेक करून चढून घेतल्या होत्या. त्यांत कॉम्प्युटरवर नोकरी केलेली माणसंही होती. म्हणून ‘मला कॉम्प्युटर येत नाही’ हे मनातून काढून टाका. तुम्ही पासबुकातली ओळन्‌ओळ वाचता असं लिहिलंय, इथे तीच सवय कामाला येते.

बुधवारी मी सगळ्यांना एकच प्रश्न स्वतःला विचारायला सांगते. हे काम सुरू कोणी केलं? मी, की समोरच्याने? मला लाइटबिल भरायचं होतं, मी लॅपटॉप उघडला, मी बँकेत शिरले, तर पुढे जायला हरकत नाही. पण कोणाचा फोन आला, मेसेज आला, लिंक आली आणि त्यातून मी पैशाच्या कामाला लागले, तर तिथेच हात काढून घ्यायचा. फोन खरा की खोटा याचा शोध घेत बसायचं नाही, ते भल्याभल्यांना जमत नाही. फोन ठेवायचा. काम खरं असेल तर आपल्या नेहमीच्या वाटेने, आपण लावलेल्या नंबरवरून ते पुन्हा सापडतं.

मागच्या पावसाळ्यात आमच्या सेक्टरमधल्या एका निवृत्त शिक्षकांना संध्याकाळी मेसेज आला की मागच्या महिन्याचं बिल अपडेट नाही, रात्री साडेनऊला वीज तोडली जाईल, या अधिकाऱ्याला फोन करा. बाहेर धो धो पाऊस, घरात पत्नी अंथरुणाला खिळलेली. त्यांनी फोन केला. पलीकडचा माणूस गोड बोलला. फक्त १० रुपये भरा म्हणजे सिस्टीममध्ये दिसेल म्हणाला, आणि त्यासाठी एक ॲप पाठवलं. त्या ॲपमधून यांच्या फोनचा पडदा त्याला दिसत होता. पाऊण तासात बचत खात्यातून ४८ हजार गेले. मग त्याने नेट बँकिंगमधूनच दोन लाखांची एफडी मोडली आणि तेही पुढे पाठवले. सर मला नंतर म्हणाले, “एफडी मोडायला शाखेत जाऊन सही करावी लागते ना हो?” त्यांना माहीतच नव्हतं. सुनेने तेवढ्यात १९३० ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनला, फोन लावला, म्हणून एफडीतली काही रक्कम पुढच्या खात्यात अडकली.

आता कायदा काय म्हणतो ते बघा. वीज कायदा २००३, कलम ५६. बिल थकलं तरी वीज तोडण्याआधी १५ दिवसांची लेखी नोटीस द्यावी लागते. आजच्या आज, साडेनऊला, असं काही नसतं. महावितरणचा एसएमएस एमएसईडीसीएल ही अक्षरं असलेल्या नावाने येतो, कोणाच्या दहा आकडी मोबाइलवरून नाही. केवायसीचंही, म्हणजे बँकेतल्या ओळखीच्या कागदपत्रांच्या पडताळणीचंही, तसंच. मुदत संपण्याआधी बँकेने किमान तीनदा कळवायचं, त्यात एक पत्र. नंतरही किमान तीन स्मरणपत्रं द्यायची, असा रिझर्व्ह बँकेचा २०२५ चा नियम आहे. पोलिस किंवा सीबीआय म्हणवणारा माणूस व्हिडिओ कॉलवर ‘डिजिटल अरेस्ट’ झाली सांगतो, तर तसा प्रकार आपल्या कायद्यात कुठेच नाही. पंतप्रधानांनीही ऑक्टोबर २०२४ च्या ‘मन की बात’मध्ये ते लोकांना सांगितलं होतं. सरकारी आणि बँकेची कामं किती सावकाश चालतात हे आपल्या पिढीला चांगलं ठाऊक आहे. कोणी घाई करायला लागला की त्याचीच आठवण ठेवा.

आता तुमच्या खात्याकडे येते. तुम्ही लिहिलंय की खातं दोघांच्या नावावर होतं आणि ‘ह्यांचाच आयडी वापरते’. ताई, हे आधी थांबवा. गेलेल्या माणसाच्या लॉगिनने व्यवहार करू नयेत. उद्या काही वाद झाला, फसवणुकीची तक्रार करावी लागली, तर तुमचीच बाजू लंगडी पडेल. मृत्यूचा दाखला देऊन त्यांचं नाव कमी करून घ्या, तुमच्या नावाने नवीन आयडी घ्या, नॉमिनी मुलाला करा. आणि खात्याला मोबाइल नंबर कोणाचा लावलाय ते नक्की बघा. बऱ्याच घरांत तो यजमानांचाच असतो. सिम रिचार्ज न झाल्याने बंद पडतं आणि काही महिन्यांनी तोच नंबर दुसऱ्या कोणाला मिळतो. मग तुमच्या बँकेचे मेसेज त्या परक्या माणसाच्या फोनवर. हे मी दोन घरांत स्वतः पाहिलंय.

त्याच फेरीत एफडीबद्दल विचारा. ऑनलाइन मोडण्याची सोय बंद करता येते का, किंवा तिला फक्त पाहण्यापुरता हक्क ठेवता येतो का? बऱ्याच बँका हे अर्जावर करून देतात. नसेल होत तर निदान नेट बँकिंगची रोजची मर्यादा खाली आणा. तुम्हाला एका दिवसात २० हजारांपेक्षा जास्त कधी लागतात? कार्डाचे परदेशी व्यवहार बंद, ऑनलाइन खरेदी लागेल तेव्हाच चालू. ही चालू-बंदची सोय प्रत्येक बँकेने द्यायची असं रिझर्व्ह बँकेने २०२० पासूनच ठरवून दिलंय.

आणि एक छोटं खातं वेगळं उघडा. पेन्शन आणि ठेवी मोठ्या खात्यात राहू देत, त्याला यूपीआय जोडूच नका. दर महिन्याला पंधरा-वीस हजार छोट्या खात्यात वळवायचे आणि यूपीआय, कार्ड, लाइटबिल, गॅस, भाजीवाला सगळं त्यातून. आपण कपाटातले सगळे पैसे पर्समध्ये घालून बाजारात जातो का? माझं स्वतःचं असंच आहे, सहा वर्षं झाली.

लॅपटॉपबद्दल फार सांगण्यासारखं नाही. मुलाला सांगून बँकेचं पान बुकमार्क करून घ्या आणि कायम तिथूनच जा. गुगलमध्ये बँकेचं नाव शोधून पहिल्या दुव्यावर टिचकी मारू नका, वरती जाहिराती असतात आणि त्यांत खोटी पानंही घुसतात. कस्टमर केअरचा नंबरही गुगलवरून घ्यायचा नाही. तो कार्डाच्या पाठीमागे आणि पासबुकावर असतो. पत्ता कसा तपासायचा? रिझर्व्ह बँकेने सगळ्या बँकांना ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत आपापल्या वेबसाइट ‘डॉट बँक डॉट इन’ या शेपटीवर न्यायला सांगितल्या. ही शेपटी खऱ्या बँकांनाच मिळते. मात्र सुरुवातीचं ‘https://’ सोडून पुढे जी पहिली तिरपी रेघ येते, तिच्या लगेच आधी ती असली पाहिजे. मध्येच ‘बँक’ असेल आणि शेवट भलताच असेल तर बंद करा. कुलपाच्या चिन्हावर जाऊ नका, ते खोट्या पानावरही असतं. काम झालं की लॉगआउट. आणि स्टेटमेंटची प्रिंट काढायला स्टेशनजवळच्या झेरॉक्सच्या दुकानातल्या कॉम्प्युटरवर बँकेत किंवा व्हॉट्सॲपमध्ये शिरू नका. शाखेतून छापून घ्या.

पासवर्ड वहीत लिहू का, असं विचारलंयत. मुलं यावर रागावतात, पण माझं मत आहे की लिहा. घरातल्या कपाटात, बँकेचं नाव न लिहिता. सोपा पासवर्ड लक्षात ठेवण्यापेक्षा अवघड पासवर्ड लिहून ठेवलेला बरा. पर्समध्ये कार्डाबरोबर मात्र नको, आणि फोनच्या कॉन्टॅक्टमध्ये ‘बँक पिन’ या नावाने तर नकोच.

फोन जास्त जपायचा, कारण किल्ली तिथे आहे. ओटीपीचा मेसेज आला की आपली नजर थेट आकड्यांवर जाते. आधी त्यातलं वाक्य वाचा. किती रुपये, कोणासाठी, कशासाठी, हे त्यात लिहिलेलं असतं. तुम्ही ३०० रुपयांचं रिचार्ज करताय आणि मेसेजात १९ हजार दिसतायत, तर तो ओटीपी टाकायचाच नाही. बंद पडद्यावर मेसेज दिसतात तेही मुलाकडून बंद करून घ्या. व्हॉट्सॲपवर लग्नपत्रिका, आरटीओचं चलान, गॅसचं बिल अशा नावाने एपीके फाइल, म्हणजे फोनमध्ये ॲप बसवणारी फाइल, येते. ओळखीच्या माणसाकडून आली तरी उघडू नका, त्याचाही फोन आधीच कोणाच्या हाती गेलेला असू शकतो. ॲप घ्यायचं ते प्ले स्टोअरमधूनच, आणि तेही कोणी फोनवरून सांगतोय म्हणून नाही. कोणी स्टार-चारशे-एक-स्टार लावून एखादा नंबर दाबायला सांगितला तर तुमचे कॉल त्याच्याकडे वळतात. शंका आली तर ##००२# दाबा, वळवलेलं सगळं रद्द होतं. भर दिवसा फोनची रेंज गेली आणि शेजारच्यांची आहे, तर दुसऱ्या फोनवरून लगेच सिम कंपनीला विचारा. आपलं सिम दुसऱ्या कोणी काढून घेतलं असण्याची शक्यता असते.

यूपीआयचं एकच. पिन पैसे देताना लागतो, घेताना कधीच नाही. स्कॅनही देण्यासाठीच. कोणी ‘पैसे पाठवतो, पिन टाका’ म्हणाला की संभाषण संपलं.

बँकांच्या कामाच्या फोनसाठी १६०० ने सुरू होणारे नंबर ठरवून दिलेत. पण त्या नंबरवरून आला तरी ओटीपी सांगायचा नाही.

आता मुलाबद्दल जरा नाजूक. त्याच्याकडे तुमचा पिन आणि पासवर्ड आहे असं दिसतंय. तो चांगलाच असणार, शंका नाही. पण नियमात तो ‘तुम्ही दुसऱ्याला दिला’ असाच धरला जातो. बदलून टाका, आणि त्याला सांगून बदला म्हणजे त्याला वाईट वाटणार नाही. त्याची मदत दुसऱ्या कामाला घ्या. नवीन माणसाचं खातं जोडायचं असेल तर त्याला फोन करून, त्याच्याशी बोलत जोडा. १ एप्रिल २०२५ पासून एनईएफटी, आरटीजीएसने दुसऱ्या खात्यात पैसे पाठवतानाही समोरच्या खातेदाराचं नाव पाहता येतं, ते वाचा. मोठी रक्कम असेल तर एक रात्र जाऊ द्या.

आणि इतकं करूनही काही झालं तर? पडद्यावर कोणी ताबा घेतलाय असं वाटलं तर फोन एअरप्लेन मोडवर टाका, वायफायही बंद झालंय ना बघा. दुसऱ्या फोनवरून बँकेला आणि १९३० ला कळवा, सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन वर तक्रार घाला. १९३० वर सांगितलेलं लगेच पुढच्या बँकांकडे जातं आणि पैसा ज्या खात्यात पोचला तिथे अडवता येतो. चोर तो तासाभरात चार-पाच खात्यांतून फिरवतात, म्हणून मिनिटं मोलाची. रिझर्व्ह बँकेने २०१७ साली व्यापारी आणि सहकारी दोन्ही बँकांना लागू केलेले नियम असे: चूक ना तुमची ना बँकेची, तिसऱ्यानेच घुसखोरी केली, आणि तुम्ही ३ कामकाजाच्या दिवसांत कळवलं, तर तुमची जबाबदारी शून्य. ४ ते ७ दिवसांत कळवलं तर साध्या बचत खात्याला जास्तीत जास्त १० हजार. त्यापुढे बँकेच्या धोरणावर. ओटीपी आपणच दिला असेल तर कळवेपर्यंतचं नुकसान आपलं, कळवल्यानंतरचं बँकेचं. तक्रारीचा नंबर लिहून घ्या. बँकेने ३० दिवसांत दाद दिली नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं, १४४४८ वर माहिती मिळते.

वाशीच्या एक बाई नऊ दिवस गप्प राहिल्या. सून काय म्हणेल, मुलगा फोन काढून घेईल, या भीतीने. रक्कम ३२ हजार होती. त्या नऊ दिवसांत पैसे ज्या खात्यांत गेले ती खाती रिकामी झाली होती, आणि मला त्यांना काहीच देता आलं नाही, फक्त शेजारी बसले. ताई, तुमच्या बाबतीत काही झालं तर त्याच मिनिटाला बोला, शेजाऱ्यांना बोला, वॉचमनला बोला, पण बोला.

या सोमवारी अकराच्या सुमाराला शाखेत जा, गर्दी जरा कमी असते. दाखला, आधार, पॅन, पासबुक बरोबर घ्या. नाव, मोबाइल नंबर, नॉमिनी, एफडी, मर्यादा आणि छोटं खातं, एवढं कागदावर लिहून न्या आणि एकेक झालं की खूण करा. नवीन आयडी मिळाला की घरी निवांत बसून मोठ्या खात्यातून छोट्यात १० रुपये पाठवा. दोन्ही मेसेज आले का ते बघा. पुढच्या वेळी शाखेत गेलात की पासबुक भरून घ्या, ती १० रुपयांची ओळ त्यात दिसेल. अडलात तर इथेच लिहा, मी रोज संध्याकाळी बघते.