युद्धात पकडलेल्या व्यापारी जहाजाच्या कप्तानाला युद्धकैदी मानायचे का?

साधारणपणे छावणीत डांबायचे. पण चार्ल्स फ्रायट या ब्रिटिश कप्तानाचे नशीब वेगळे. २८ मार्च १९१५ रोजी जर्मन पाणबुडीने थांबायला सांगितले, तर या गड्याने ‘ब्रुसेल्स’ ही आपली आगबोट थेट तिच्याच अंगावर घातली! पाणबुडीने बुडी मारली, आगबोट निसटली. नौदल खात्याने त्याला सोन्याचे घड्याळ दिले. जून १९१६ मध्ये जर्मनांनी बोटीसकट त्याला पकडले आणि बर्लिनजवळच्या रूलेबेन छावणीत ठेवले. घड्याळावर त्या पराक्रमाचा मजकूर कोरलेला होता, तोच पुरावा म्हणून अंगाशी आला. सैनिक नसताना पाणबुडीवर हल्ला केला, हा आरोप. २७ जुलैला बेल्जियममधल्या ब्रुज शहरात खटला चालला आणि त्याच संध्याकाळी गोळ्या घातल्या. माझ्या मते हा निव्वळ सूड होता.